किती जवळ, किती वेळ

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये पडद्यावर आधी कृष्ण येत नाही, मंदाकिनी येते. साल १९१९. फाळक्यांची ही छोटी लेक नुसता चेहरा घेऊन समोर उभी राहते आणि एकामागून एक भाव पालटून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचं रूप उमटतं आणि गोष्ट सुरू होते. देवाआधी नटी दाखवायची ही कल्पना धीटच, पण मला जास्त नवल वाटतं ते त्या चेहऱ्याच्या मापाचं. सहा वर्षं आधीच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधलं जे आज बघायला मिळतं, त्यात माणसं बहुतेक वेळ मुकुटापासून पावलांपर्यंत अख्खी दिसतात. कॅमेराही तिकीट काढून नाटकाला आलाय आणि जागेवरून हलणार नाही, असं वाटतं. इथे तो उठला आणि थेट लेकीपुढे जाऊन थांबला.

नाटकात अंतर तिकिटावर ठरायचं. बालगंधर्वांच्या शालूची जर पुढच्या खुर्च्यांना दिसायची, पिटातल्याला नुसता झगमगाट. अंतर ठरवण्याचा हा हक्क सिनेमाने तिकिटाच्या खिडकीकडून काढून घेतला आणि कॅमेरा लावणाऱ्याला दिला. तो सांगणार, इतक्या जवळून बघा. आणि नंतर अंधाऱ्या खोलीत बसलेला संकलक सांगणार, इतकाच वेळ बघा. मला विचाराल तर सिनेमाचं व्याकरण एवढंच आहे. बाकीचा तपशील माणूस चार महिन्यांत शिकतो.

फिल्म शिकायला आलेल्या पोरांकडून सुरुवातीलाच शॉटची मापं पाठ करून घेतात. उघडा माळ आणि त्यात ठिपक्याएवढा माणूस, हा एक्स्ट्रीम लाँग. डोक्यापासून पायापर्यंत लाँग, कमरेपासून वर मिड, खांद्यापासून वर क्लोजअप. नुसता डोळा किंवा नुसते ओठ घेतले तर एक्स्ट्रीम क्लोजअप. पाठ व्हायला सोपं आहे. कुठलं माप कधी घ्यायचं, ते मात्र वहीत सापडत नाही. ते आपण रोजच्या वागण्यातून आधीच शिकून आलेले असतो. रस्त्याच्या पलीकडे ओळखीचं कुणी दिसलं की नुसता हात वर करतो, तो लाँग शॉट. ओट्यावर समोरासमोर गप्पा मारताना माणूस कमरेपासून वर दिसतो, म्हणून मिड शॉट इतका घरचा वाटतो. क्लोजअपच्या अंतरावर मात्र फार थोडी माणसं येतात: आई, लेकरू, जोडीदार, भांडायला अंगावर धावून आलेला शेजारी. आणि दातांचा डॉक्टर. परक्या माणसाच्या तोंडाकडे वीतभरावरून टक लावून बघणं कुठल्याही गावात आगाऊपणाच समजतात. सिनेमागृहात आपण बिनदिक्कत तेच करतो, शेंगदाणे खात, आणि समोरचा रागावत नाही.

सेटवर ‘सजेशन’ नावाची एक गोष्ट असते. दोघं बोलत असतात, कॅमेरा एकाच्या मागे लावतात, त्याचा खांदा किंवा कानाची कड फ्रेममध्ये ठेवतात आणि समोरच्याचा चेहरा घेतात. “थोडं सजेशन ठेव,” असं दिग्दर्शक सांगतो. खांदा ठेवला तर आपण त्या दोघांत बसलेले तिसरे. काढून टाकला तर आपण त्या खुर्चीतच जाऊन बसलो, आता समोरचा बोलतोय तो आपल्याशी. दोन इंच खांद्याने एवढा फरक पडतो. त्या दोघांमध्ये एक रेषा आहे असं धरायचं आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही, हा दुसरा नियम. ओलांडली तर डावीकडचा उजवीकडे जातो आणि दोघं एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं दिसतं. जपानच्या ओझूने ही रेषा खुशाल ओलांडली आणि त्याचं काहीही बिघडलं नाही.

कॅमेऱ्याने कुठे उभं राहावं याचा विचार मी पहिल्यांदा केला तो लग्नाच्या कॅसेटी बघताना. नव्वदच्या दशकात आमच्याकडे लग्न म्हटलं की शूटिंगवाला आलाच. त्याच्या खांद्यावर भला थोरला कॅमेरा, शेजारी हॅलोजनचा दिवा उंच धरलेला एक पोरगा, आणि त्या दोघांच्या मागे मंडपभर सरपटणारी वायर. पंगतीवर दिवा पडला की तोंडाशी नेलेला घास तिथेच थांबायचा. काकू पदर सावरायच्या. एखादे आजोबा तेवढे कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून जिलबी संपवायचे. पुढे ‘मिक्सिंग’मध्ये नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून उगवायची, चित्र पान उलटल्यासारखं उलटायचं, सप्तपदीवर सनई सोडून तेव्हाचं गाजलेलं सिनेमाचं गाणं वाजायचं. लोकांना ते आवडायचं. मलाही.

एका मावसबहिणीच्या पाठवणीला वायर पुरली नाही. गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती, कॅमेरा आणि दिवा दोन्ही त्याच एका वायरवर, त्यामुळे शूटिंगवाला फाटकाशीच अडकला. बहीण एकेकीच्या गळ्यात पडून रडत होती, ते त्याला दुरून, बायकांच्या पाठींच्या आडून घ्यावं लागलं. एरवी फ्रेमबाहेर राहिला असता असा एक माणूस त्यामुळे फ्रेममध्ये आला. तिचे वडील. ते गाडीच्या डिकीत बॅगा लावताहेत. लावून झाल्या, डिकी बंद केली. पुन्हा उघडली. तीच निळी बॅग बाहेर काढून दुसऱ्या बाजूला सरकवली. पुन्हा बंद केली. लेकीकडे एकदाही वळून बघितलं नाही. चेहरा दिसतच नाही, नुसती सफारीची पाठ. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये परत परत लावून बघावं असं तेवढंच आहे. वायर चार हात जास्त असती तर आम्हाला एक रडका क्लोजअप मिळाला असता, आणि तसे कॅसेटमध्ये आधीच भरपूर होते.

याचा अर्थ जवळ जाऊच नये, असं नाही. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर तिथे झालेला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४चा. शांतारामबापूंनी त्यात राजगुरूचा एक डोळा पडदाभर केला. चंद्रमोहनचं ते पडद्यावरचं पदार्पण. बळी बंद करायला निघालेल्या राजाच्या जिवावर उठलेला हा धर्ममार्तंड. त्याच्या भाषणांपेक्षा तो डोळा जास्त बोलतो. एवढ्या जवळ गेल्यावर चेहरा उरत नाही, माणूसही उरत नाही. उरतो फक्त त्याचा धाक. अशा माणसाशी आपण ओट्यावरच्या अंतरावर बसूच शकत नाही, हे बापूंना बरोबर उमगलं होतं. तीन वर्षांनी ‘कुंकू’त त्यांनी म्हाताऱ्या काकासाहेबांना तडकलेल्या आरशापुढे उभं केलं. आरशात एकाच चेहऱ्याचे अनेक चेहरे झाले आणि ते सगळे काकासाहेबांनाच हसू लागले. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. वयात आलेल्या मुलांच्या बापाने कोवळ्या मुलीशी लग्न केलं, हे सांगायला बापूंना एरवी व्हायोलिनची कमी नव्हती.

दुःखाजवळ जाताना खरी परीक्षा होते. आपल्याकडे मयताच्या घरी भेटायला गेलेली माणसं काय करतात, आठवून बघा. पुरुष ओट्यावर बसतात, जमिनीकडे बघतात, कधी आजारी पडले, कुठल्या दवाखान्यात नेलं, एवढं विचारतात आणि मग पावसापाण्याचं बोलतात. बायका आत जातात, अगदी जवळ बसतात, पण त्याही तोंडाकडे बघत नाहीत. पाठीवर हात ठेवतात. कुणी शिकवलेलं नसतं. आणि टीव्हीच्या बातम्यांत ज्या बाईचा मुलगा सकाळी गेला तिच्या तोंडापुढे दांडके धरून तिला कसं वाटतंय ते विचारतात, आणि कॅमेरा झूम होत होत तिच्या डोळ्यातल्या पाण्यापर्यंत पोचतो. तंत्राच्या दृष्टीने तो झूम निर्दोष असतो.

सत्यजित राय ‘पथेर पांचाली’त जवळ गेलेच. हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, आणि लेक दुर्गासाठी आणलेली साडी बायको सर्वजयाच्या हातात देतो. दुर्गा गेलेली आहे हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते. कॅमेरा तिच्यापाशीच आहे, आपल्याला तोंड फिरवायला जागा नाही. पण तिचा हंबरडा रायांनी काढून टाकला आणि तिथे तारशहनाईचा सूर घातला. म्हणजे डोळ्यांनी आपल्याला इतकं जवळ आणलं, आणि कानांनी एक पाऊल मागे घेतलं. पाठीवर हात ठेवून दुसरीकडे बघणाऱ्या बायकांच्या फार जवळ जाणारी ही रीत आहे. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ची रीत उलटी. वीरा साथीदारांनी उभा केलेला शाहीर नारायण कांबळे एका गटारकामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली उभा आहे, आणि कॅमेरा खोलीच्या टोकाला, मागच्या बाकावरच्या पक्षकारासारखा, हलायचं नाव न घेता बसलाय. सरकारी वकीलबाई कलमं वाचताहेत, पंखा फिरतोय, पुढची तारीख पडतेय. क्लोजअप घेतला असता तर आपण आरोपीच्या बाजूचे झालो असतो आणि कोर्टातून हलकं होऊन घरी गेलो असतो. तसं तो होऊ देत नाही. शेवटाकडे तर सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, एकेक दिवे मालवतात आणि पडदा काळाच राहतो. आता उठावं की बसावं, काही कळत नाही. सिनेमा मात्र अजून बाकी असतो.

इथे आपण किती जवळ सोडून किती वेळकडे आलोच. या प्रश्नाशीही पहिली झटापट फाळक्यांनीच केली. ‘हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर वेल बघता बघता वाढला. दिवस गाळले, वाढ ठेवली. कात्री न लावता केलेलं हे संकलनच. हा गृहस्थ ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही करायचा, फाळके उलटं वाचून. फ्रान्सचा मेलिएसही जादूगारच. रस्त्यावर चित्रण करताना आपला कॅमेरा अडकला, पुन्हा चालू झाला, आणि पडद्यावर बघतो तर प्रवासी गाडीची एकदम शववाहिका झालेली, असा किस्सा त्याने स्वतः सांगितला आहे. दोन्हीकडे पहिल्या पिढीत जादूगार असावेत याचं मला आश्चर्य वाटत नाही. कट म्हणजे शेवटी हातचलाखीच. तुमचं लक्ष कुठे आहे हे ज्याला कळतं त्यालाच ती जमते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्याच जुन्या आवारात, १९६० पासून पोरं ही हातचलाखी शिकताहेत. स्टीनबेक नावाचं संकलनाचं जर्मन टेबल मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला स्वयंपाकाच्या ओट्याएवढं वाटलं होतं. वर आडव्या थाळ्या फिरतात, एका जोडीवर चित्र, दुसरीवर आवाज. क्लॅपच्या टाळीवर दोन्ही जुळवून घ्यायचे. समोर लहानसा पडदा. हवा तो क्षण आला की थांबायचं, जाड पेन्सिलीने फ्रेमवर खूण करायची, स्प्लायसरमध्ये ठेवून कापायचं, पुढचा तुकडा पारदर्शक पट्टीने चिकटवायचा. उरलेले तुकडे खिळ्यांना टांगायचे, खाली कापडाची खोळ, कारण उद्या त्यातलाच अर्धा हात तुकडा परत हवा असतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे एका फुटात १६ फ्रेम, एका सेकंदात २४. म्हणजे सेकंद हातात धरता येतो: दीड फूट. संकलक दोन्ही हात ताणून फिल्म धरायचा आणि एखादा उसासा किती लांब आहे ते डोळ्यांनी मोजायचा. संगणक आल्यावर हे सगळं सोपं झालं, पण वेळ हाताने चाचपायची ती सोय गेली. याच संस्थेतून शिकून गेलेल्या रेणू सलुजांनी ‘जाने भी दो यारो’ आणि ‘परिंदा’ कापले. बघणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव माहीत असतं? संकलकाचं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही.

तुकडे शेजारी ठेवले की काय होतं, ते रशियाच्या लेव कुलेशोव्हने क्रांतीनंतरच्या टंचाईत, कोरी फिल्म मिळेना म्हणून जुनीच कापून-जोडून शिकवलं. इव्हान मोझुखिन या नटाचा एक निर्विकार क्लोजअप. त्याच्यापुढे एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटीतली बाई, एकदा खेळणारी लहान मुलगी. त्याचा शिष्य पुदोव्हकिन याने लिहून ठेवलंय की प्रेक्षकांनी त्या नटाच्या अभिनयाची वाहवा केली: भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं, माया काय दाखवली! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. चेहऱ्यावर भाव आपणच नेऊन ठेवतो. आमच्या कॅसेटमधली सफारीची पाठ घ्या. शेजारी रडणारी मुलगी नसती तर तो बॅगा लावणारा माणूस एवढंच.

कुठे कापायचं, याचं मला पटलेलं उत्तर अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च याचं आहे. १९७४चा ‘द कॉन्व्हर्सेशन’ कापताना त्याच्या लक्षात आलं की तो जिथे कट करायचं ठरवतो, तिथेच आसपास जीन हॅकमनच्या डोळ्यांची पापणी लवते. पुन्हा पुन्हा. नट मनातला एक विचार संपवून पापणी मिटत होता आणि संकलक तोच विचार संपल्यावर कापत होता. मर्च म्हणतो, पापणी हा आपला रोजचा कट आहे. हे वाचल्यापासून मी माणसांशी बोलताना त्यांच्या पापण्यांकडे बघू लागलो. ही सवय काही बरी नव्हे. लोकांना वाटतं आपण त्यांचं खोटं पकडतोय.

नागराज मंजुळ्यांना मात्र पापणी लवूच द्यायची नसते. ‘फँड्री’त डुकरामागे धावणारं शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर आपल्या वाटेने निघून जातं. हा प्रसंग बघणाऱ्यांना आधी हसू येतं. मंजुळे गीत संपेपर्यंत थांबतात, आणि तेवढ्यात हसू घशात अडकतं. निम्म्यात कापलं असतं तर तो नुसता विनोद झाला असता. त्याच सिनेमाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर. आतापर्यंत आपण बघ्यांच्या गर्दीत सुरक्षित उभे होतो, तो खांद्याचा आडोसा कुणीतरी काढून घेतो, आणि पडदा काळा. ‘सैराट’मध्ये नायक-नायिकेचा खून दाखवलेला नाही. शेजारीण त्यांच्या मुलाला घरी आणून सोडते, मूल आत जातं, आवाज पूर्ण बंद होतो, आणि रडत बाहेर पडणाऱ्या त्या पावलांचे ठसे लाल असतात. भरल्या थिएटरात मी ते पाहिलं, तेव्हा तीन तास शिट्ट्या मारणारी पोरं खिशातले मोबाइल काढायला विसरली होती. राय हंबरडा काढून तारशहनाई घालतात, मंजुळे काहीच घालत नाहीत. कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही. पण दोघांनीही त्या क्षणी काय काढायचं ते आधी ठरवलं, दाखवायचं काय ते नंतर.

आता तर घरोघर संकलक झालेत. माझा भाचा एसटीत बसल्या बसल्या अंगठ्याने व्हिडिओ कापतो. त्याची फ्रेम उभी. उभ्या फ्रेममध्ये एक चेहरा छान मावतो, शेजारी बसलेला दुसरा मावत नाही, आणि मागचं घर, गोठा, आंगण तर नाहीच. सिनेमाने शंभर वर्षं खपून जमवलेला लाँग शॉट असा मोबाइल उभा धरताच गेला. भाच्याला मात्र यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. “मामा, लोक मोबाइल आडवा करतच नाहीत,” हे त्याचं उत्तर, आणि ते खरं आहे.

परवा त्याने आजीला बोलतं केलं. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, बायकांची बाजू वेगळी असायची, ‘संत तुकाराम’ लागला की माणसं पडद्याला हात जोडायची, असं ती सांगत होती. आजी बोलताना मध्येच थांबते. नाव आठवत नाही म्हणून, कधी दम लागतो म्हणून, कधी सांगू की नको म्हणून. भाच्याने ते सगळे ‘गॅप’ काढून टाकले. तयार झालेल्या व्हिडिओत आजी निवडणुकीच्या उमेदवारासारखी धडाधड बोलत होती. मी म्हटलं, “अरे, ती तुझ्या आजोबांबरोबर तंबूत गेली होती म्हणते, त्यानंतर थांबते ना, तो गॅप तेवढा परत घाल.”

“त्यात काय आहे पण? ती नुसती बांगडी फिरवते.”

“तेच घाल.”

“लोक पुढे सरकवतील, मामा.”

“सरकवू देत.”

मी चार सेकंद मागितले, त्याने दोन दिले. जुन्या हिशेबाने अठ्ठेचाळीस फ्रेम. त्याचा मोबाइल सेकंदाला तीस घेतो, म्हणजे साठ. बारा फ्रेम तुला जास्तच दिल्या, असं वर ऐकवलं.